गवती चहाची परडी

उद्धव बिवलकरच्या हातांची त्याच्या प्लांटमध्ये ख्याती होती. जुरोंग आयलंडवर तो इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी सगळी उपकरणं त्याच्या देखरेखीखाली. हाताखालची मुलं एखाद्या बारीक स्क्रूशी झटून घामाघूम व्हायची, मग उद्धव यायचा, दोन बोटांत तो धरून जरासा फिरवायचा, आणि काटा मुकाट जागेवर यायचा. अंबरनाथचा कारखाना सोडून तो सिंगापूरला आला, तेव्हा त्याची मुलगी ऋता बालवाडीत जात होती. आता ती नोकरीला लागली होती. बायको सुलेखा अलेक्झांड्राजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमधला त्यांचा फ्लॅट लहान होता, पण हवेशीर होता, आणि तिघांचं बरं चाललं होतं.

दोन हजार तेरा साली, एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून परत येताना उद्धवच्या हातातून पास खाली पडला. उचलायला तो वाकला, तर उजवा हात ऐकेना. शेजारी वॉल्ट बसला होता. वॉल्ट अमेरिकन, एका प्रोजेक्टसाठी आलेला, धिप्पाड आणि अबोल. रोज जाता-येता दोघं शेजारी बसायचे, क्रिकेट आणि बेसबॉल यांतलं काय जास्त कंटाळवाणं यावर वाद घालायचे. वॉल्टने उद्धवच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. ओठाची एक बाजू खाली ओघळली होती. "ड्रायव्हर, बस थांबव!" असा तो ओरडला, आणि सुलेखा पुढे नेहमी म्हणायची, की त्या ओरडण्यामुळेच मला नवरा परत मिळाला.

परत मिळाला, पण पक्षाघाताच्या झटक्यातून सगळा नाही. पाय हळूहळू ताळ्यावर आला. जिभेचा जडपणा महिन्या-दोन महिन्यांत गेला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. म्हणजे दिसायला होता तसाच होता. बोटं मिटायची, वस्तू धरून ठेवायची. पण उलगडायला त्यांना फार वेळ लागायचा, आणि बारीक काम म्हटलं की ती आडमुठ्या बैलासारखी जागच्या जागी उभी राहायची. कंपनीने चांगल्या शब्दांत, केक कापून, त्याला निरोप दिला. केकही त्याने डाव्या हाताने कापला.

हॉस्पिटलच्या थेरपी विभागात नूरैनी नावाची मलय मुलगी त्याला शिकवायला होती. हसरी, चिवट. ती त्याच्यापुढे कपड्यांचे चिमटे ठेवायची आणि म्हणायची, "अंकल, एक-एक करून या काठीवर लावा. कॅन लाह, जमेल!" उद्धवला त्या रंगीत चिमट्यांची शिसारी बसली. दोन चिमटे लावून तो खिडकीबाहेर बघत बसायचा. घरी मळायला दिलेला मातीचा गोळा तर त्याने डब्यातून बाहेरही काढला नाही. तो तसाच वाळून दगड झाला.

सुलेखाला त्याहून जास्त एक गोष्ट लागायची. तो कुणासमोर जेवेनासा झाला होता. डाव्या हाताने वरण-भात कालवायचा, हे त्याला चारचौघांत मरणप्राय वाटे. तिथल्या मराठी मंडळाचा गणपती आला, गेला. कोजागरी आली, गेली. "तू जाऊन ये," एवढंच तो म्हणायचा. ती एकटी जायची, लवकर परत यायची, आणि डब्यातून आणलेलं त्याच्यासमोर ठेवून मुद्दाम स्वयंपाकघरात काहीतरी आवरत राहायची, म्हणजे त्याला निवांत खाता येईल.

असं वर्ष गेलं. मग एका रविवारी वॉल्टने जेवायला बोलावलं. उद्धव नाहीच म्हणणार होता, पण सुलेखा दारात चप्पल घालून उभी राहिली.

"ज्या माणसाने तुमच्यासाठी बस थांबवली, त्याच्या घरी तुम्ही जाणार नाही?"

"जाऊ. जेवणार नाही."

"नका जेवू. बसा नुसते."

वॉल्टचा काँडो नदीकाठी होता. दार उघडलं ते त्याच्या बायकोने. तिचं नाव लोरेन. सुलेखाला क्षणभर वाटलं, ही आपल्याकडचीच कुणी असावी. गव्हाळ रंग, काळे सरळ केस, रुंद शांत चेहरा. लोरेन होपी होती, अमेरिकेतल्या मूळच्या रहिवाशांपैकी एका जमातीची. ॲरिझोनाच्या वाळवंटात उंच पठारं आहेत, त्यांतल्या एका पठाराच्या टोकावर तिचं गाव. तिथे पाऊस इतका कमी, की मका वीतभर खोल पेरावा लागतो, असं तिने सांगितलं, आणि बाहेर तर सिंगापूरचा रोजचा दुपारचा पाऊस बाल्कनी धुऊन काढत होता.

जेवण टेबलावर यायला अवकाश होता. लोरेन खिडकीशी बसून आपलं काम पुढे करू लागली, आणि उद्धवची नजर तिथे गेली ती हललीच नाही.

तिच्या मांडीवर ताटाएवढी चपटी परडी होती, अर्धी झालेली. बोटाएवढ्या जाडीची वाळक्या गवताची जुडी मध्यापासून गोल-गोल फिरत गेली होती, जिलबीसारखी, आणि त्या जुडीभोवती पानाची बारीक ओलसर पट्टी गुंडाळून प्रत्येक टाक्याने खालच्या फेऱ्याला धरलं होतं. टाका इतका जवळ, की गवत कुठे दिसतच नव्हतं. पांढऱ्या जमिनीवर काळी, पिवळी नक्षी उमटत होती. ती रंगवलेली नव्हती. रंगीत पट्टीचा टाका जिथे हवा तिथेच घातलेला. लोरेन आरीने भोक पाडायची, पट्टी ओवायची, ओढायची. पाडायची, ओवायची, ओढायची. भिंतीवर तशीच एक जुनी परडी टांगली होती, मधासारख्या रंगाची, पंख पसरलेल्या गरुडाची.

"ही पट्टी कसली?" उद्धवने विचारलं. कितीतरी दिवसांत त्याने आपणहून कुणाला काही विचारलं नव्हतं. सुलेखाने मान वळवली नाही, पण तिचे कान तिकडे लागले.

"युक्का," लोरेन म्हणाली. "तलवारीसारख्या पानांचं झाड. घरून वाळवून आणलंय. माझ्या भाचीचं लग्न आहे. आमच्याकडे नवऱ्यामुलाच्या घरचे पुरुष नवरीसाठी लग्नाची पांढरी वस्त्रं विणतात. मग नवरीकडच्या आम्ही सगळ्या बायका परड्या करून त्यांच्या घरी देतो, वर्षं लागली तरी. आई, मावश्या, आत्या, बहिणी, सगळ्या एकत्र बसून. गप्पा, जेवणं, हसणं." ती थांबली. "इथे मी एकटीच बसते. टीव्ही लावून."

सुलेखा एकदम म्हणाली, "अगं, आमच्याकडे रुखवत असतं!" आणि तिने सांगितलं, लग्नात मुलीकडच्या बायका आपल्या हातचं सगळं मांडतात, विणकाम, भरतकाम, साखरेची फुलं, रव्याच्या लाडवांचं तुळशीवृंदावन. लोरेनने हातातलं काम खाली ठेवलं आणि हसत विचारलं, "आणि मग मुलाकडच्या बायका येऊन नीट निरखून बघतात?"

"बघतात म्हणजे! नावं ठेवतात."

दोघी इतक्या हसल्या, की वॉल्ट स्वयंपाकघरातून डोकावला.

त्या दिवशी उद्धव जेवला. लोरेनने मका आणि मटणाचा रस्सा वाडग्यांतून चमच्यासकट दिला होता, आणि तिथे कोण कुठल्या हाताने खातंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. दुसऱ्यांदा रस्सा घेताना तो म्हणाला, "हे मला करता येईल का?"

"रस्सा?" वॉल्टने विचारलं.

"परडी."

सुलेखाने वाडग्यात बघितलं. लोरेनने त्याच्या उजव्या हाताकडे उघडपणे पाहिलं. तो लपवायची सवय झालेल्या उद्धवला ते बरं वाटलं.

"तो हात धरून ठेवू शकतो?"

"धरू शकतो. सोडायला वेळ लावतो."

"मग झालं. एका हाताने फक्त धरायचंच असतं. पण दोन गोष्टी आधी सांगते. युक्का मी देणार नाही. तो लग्नासाठी आणलाय. आणि आमच्याकडे हे बायकांचं काम आहे. माझी आई ऐकेल तर पोट धरून हसेल."

"माझीही हसली असती," उद्धव म्हणाला.

मग शोधाशोध सुरू झाली. टाक्यासाठी राफिया मिळाला. ताडाच्या पानापासून काढलेले ते चिवट धागे ऋताने हस्तकलेच्या दुकानातून आणले. आत भरायच्या गवताचं अडलं. केवड्याच्या जातीच्या पांदानची पानं वाळली की तडकत होती. केळीचं सोपट बुरशी धरत होतं. शेवटी सुलेखालाच सुचलं. मार्केटमधली भाजीवाली आंटी गवती चहाचे दांडे विकायची आणि वरची लांब पाती छाटून टोपलीत फेकून द्यायची. सुलेखाने ती मागितली. "टेक, टेक," आंटी म्हणाली, आणि तेव्हापासून दर शनिवारी एक भारा बाजूला ठेवू लागली. सुलेखा तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूंवर पसरायची. सातव्या मजल्यावर सगळीकडे चहाचा वास दरवळू लागला. समोरचे चिनी आजोबा एकदा थांबून म्हणाले, "तुमच्याकडे रोज कुणाला सर्दी होते?"

दर बुधवारी उद्धव लोरेनकडे जाऊ लागला. एकटा, एमआरटीच्या गाडीने.

पहिले कितीतरी दिवस मधली गुंडीच जमेना. सुरुवात सगळ्यात कठीण असते. गवताचं टोक स्वतःभोवती वळवून त्याला पहिला टाका घालायचा, तर ते सुटून जायचं. उजव्या हाताच्या मुठीत जुडी धरायची आणि डाव्या हाताने दाभण चालवायचं. डावा हात अशा कामाला नवखा, चुकायचा, दाभण उजव्या बोटात घुसायचं. एकदा रक्त आलं. उद्धव बोटाकडे बघतच राहिला.

"लागलं?" लोरेनने विचारलं.

"लागलं," तो म्हणाला. "कळलं मला." आणि लहान मुलासारखा हसला. त्या बोटात काही टोचलेलं त्याला कळलं, असं आजारपणानंतर पहिल्यांदाच झालं होतं.

नूरैनीला त्याने ती गुंडी दाखवली तेव्हा ती इतर पेशंटांना सोडून धावत आली. चिमटे तिने स्वतःच कपाटात ठेवून दिले. "अंकल, यापुढे तुमचं औषध हेच."

पहिली परडी चपटी व्हायची ती फुगली. ओंजळीसारखी वर आली, मग तिरकी झाली, शेवटी उलट्या टोपीसारखी दिसू लागली. लोरेनने ती टेबलावर ठेवली, बोटाने टिचकी मारून गोल फिरवली.

"खूप ओढून टाके घातलेत. कुणावर राग काढत होतात?"

घरी जाताना गाडीत त्याने ती मांडीवर ठेवली होती. समोरच्या एका लहान मुलीने ती बोट दाखवून आपल्या आईला विचारलं, आणि आई म्हणाली, टोपी. उद्धवने ती टोपी खरोखरच डोक्यावर घातली. मुलगी खिदळली. क्वीन्सटाउनला उतरेपर्यंत ती त्याच्या डोक्यावरच होती, आणि दार उघडणाऱ्या सुलेखाने हा अवतार पाहिला तेव्हा आधी ती हसली, आणि मग पदर नसतानाही पदर शोधल्यासारखा तिचा हात डोळ्यांकडे गेला.

पुढे कधीमधी शनिवारीही तो जाऊ लागला, तेव्हा सुलेखा त्याच्याबरोबर असायची. तिला टाका जमायचा नाही आणि जमवायचाही नव्हता. पण ती पाती निवडायची, पोहे करायची, ऑफिसातल्या साहेबांच्या नकला करायची. लोरेन युक्काच्या पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून घ्यायची आणि हसता हसता टाके घालायची. एकदा ती म्हणाली, "आता आमच्याकडे बायका बसतात तसं बसल्यासारखं वाटतं."

दोन हजार पंधरात तेलाचे भाव कोसळले आणि जुरोंग आयलंडवरची बरीच कामं थांबली. वॉल्टचं प्रोजेक्टही बंद झालं. दोघं परत जाणार हे कळल्यावर उद्धवने मनाशी एक बेत केला. लोरेनला निरोपाची भेट द्यायची, आपल्या हातची. तिच्या भिंतीवरचा गरुड त्याला पाठ झाला होता. कुठल्या फेऱ्यात पंख सुरू होतो, कुठे काळ्या टाक्यांची पायरी उतरते, सगळं. त्याने राफिया चहाच्या अर्कात आणि काळ्या शाईत रंगवला, बुधवारची परडी वेगळी ठेवून घरी गुपचूप ही दुसरी करू लागला. ऋता सकाळी ऑफिसला जाताना बघायची, बाबा खिडकीशी. संध्याकाळी यायची, बाबा खिडकीशी. परडी या वेळी चपटी झाली. ताटासारखी सपाट. गरुडाचे पंख जरा आखूड झाले होते, पण गरुड गरुडासारखा दिसत होता.

लोरेनच्या घरात खोकी भरून ठेवली होती. भिंत रिकामी झाली होती. उद्धवने परडी कागदातून काढून तिच्या हातात दिली, आणि तिचा चेहरा बघत उभा राहिला.

तिने परडी उलटी करून मागची बाजू पाहिली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग खाली बसली.

"टाके फार सुरेख आलेत," ती म्हणाली. "इतके सुरेख, की मला बोलायला जड जातंय. पण हा माझ्या आजीचा गरुड आहे, उद्धव. तिने तो कुणासाठी केला, का केला, त्याला आमच्या घरात अर्थ आहे. तो मी विकतही नाही, कुणाला काढूही देत नाही. हात कसा चालवायचा ते मी तुम्हाला शिकवलं, कारण गवत वळवून टोपली करणं जगात पुष्कळांना येतं. चित्र मी शिकवलं नव्हतं."

उद्धवच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "मला वाटलं, तुला आनंद होईल."

"ते कळतंय मला. म्हणून तर रागावता येत नाही."

वॉल्ट उगाचच एका खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला. उद्धव टेबलाशी बसला, परडी पुढ्यात ओढली आणि दाभणाने शेवटचा टाका उसवला. मग त्याच्या आधीचा. राफिया सुटू लागला, गवती चहाची पाती मोकळी होऊ लागली, आणि त्या बंद, एसी लावलेल्या खोलीत एकदम पावसाळी सकाळच्या चहाचा वास आला. लोरेन उठली नाही. ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सुटलेले धागे एकेक करून बोटांभोवती गुंडाळू लागली. बराच वेळ दोघं तसंच करत होते. गरुडाचे पंख गेले, मान गेली, चोच गेली. मधली साधी, रंग नसलेली चकती उरली तेव्हा लोरेनने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बस. हे तुमचं आहे. इथून पुढे जा."

"पुढे काय घालू?"

"ते मला कसं ठाऊक असणार? तुम्ही रोज काय बघत होता इतकी वर्षं?"

विमानतळावर ती चकती त्याच्या खिशात होती. सुलेखा आणि लोरेन एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. वॉल्टने उद्धवचा उजवा हात हातात घेतला, आणि तो सुटायला नेहमीसारखा वेळ लागला. वॉल्टला घाई नव्हती.

त्यानंतर ती चकती कितीतरी महिने तशीच पडून होती. उद्धवला राग नव्हता, पण एक प्रकारची लाज होती, आणि लाजेच्या खाली खरा प्रश्न होता. आपलं चित्र कुठलं? सुलेखा म्हणाली, गणपती घाला. स्वस्तिक घाला. कमळ घाला. त्याने कागदावर काढून पाहिलं. सगळं चांगलं दिसायचं आणि कशातही जीव वाटायचा नाही.

याच सुमारास ऋताचं लग्न ठरलं. वरुण पुण्याचा, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होता. लग्न सिंगापुरातच करायचं ठरलं. सुलेखाने जाहीर केलं, की रुखवत होणार. ऋता म्हणाली, "आई, सीरियसली? कोण करतं आता? इन्स्टाग्रामवर टाकायला तरी बरं दिसेल का?" पण मंडळातल्या बायकांनी कंबर कसली. कुणी साखरेच्या बाहुल्या करणार होतं, कुणी क्रोशाचं तोरण.

एके दिवशी लग्नाच्या कपड्यांसाठी तिघं टॅक्सीने पश्चिमेकडे गेले होते. परत येताना समुद्रापलीकडे जुरोंग आयलंड दिसलं. दिवस मावळत होता. उंच चिमण्यांच्या टोकांवर जास्तीचा वायू जाळणाऱ्या ज्वाळा हलत होत्या.

ऋता काचेला नाक लावून म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, त्या मेणबत्त्या बाबाच पेटवतो. तू लेट आलास ना, की मी आईला सांगायचे, आज खूप मेणबत्त्या असणार."

सुलेखा हसली. घरी पोचल्यावर त्याने चप्पलही न काढता खण उघडला आणि चकती शोधू लागला.

या वेळी लपवाछपवी नव्हती. परडी सगळ्यांदेखत वाढत गेली. मध्याभोवती निळे-करडे फेरे आले, समुद्राचे. त्यातून चारी दिशांना चार उंच काळे खांब बाहेरच्या कडेकडे निघाले. राफियाला केशरी रंग चढावा म्हणून सुलेखाने हळद आणि मेंदीचे प्रयोग केले, तिची चांगली कढई त्यात कायमची पिवळी झाली. खांबांच्या टोकांवर ज्वाळा आल्या. त्यांचा आकार चुकायचा. वाऱ्याने कलल्यासारखं दाखवायला टाके एका बाजूला सरकवावे लागत. तो घालायचा, उसवायचा, परत घालायचा.

"अहो, पण मुलीच्या रुखवतात रिफायनरी?" सुलेखाने एकदा विचारून घेतलं. "मुलाकडचे काय म्हणतील?"

"तूच म्हणालीस ना, नावं ठेवायलाच येतात. मग त्यांना काहीतरी द्यायला नको?"

लग्नाच्या हॉलमध्ये रुखवताचं टेबल नटलं. साखरेची फुलं, चकल्यांचा मनोरा, क्रोशाचं तोरण, आणि मधोमध उद्धवची परडी, तिच्यात बेसनाचे लाडू. वरुणची आई मेधाताई पुण्याहून आल्या होत्या. चष्मा वर-खाली करत त्या टेबलाभोवती हिंडल्या आणि परडीपाशी थांबल्या.

"हे काय आहे? समया आहेत का चार?"

"चिमण्या आहेत," उद्धव म्हणाला. "मी काम करायचो तिथल्या. आणि ऋता म्हणते, मेणबत्त्या आहेत."

"कुणी केलं?"

"मी."

मेधाताईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं. वरुणने त्यांना आजारपणाचं सांगितलेलं होतं. त्यांनी लाडू एकेक करून दुसऱ्या ताटात काढले, परडी उचलली आणि उजेडाकडे धरली. मग वळून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, इकडे या जरा. व्याह्यांनी केलंय बघा." त्या दिवशी त्यांनी ती आपल्या पाहुण्यांपैकी प्रत्येकाला दाखवली, आणि नावं ठेवायची राहूनच गेली. उद्धवने फोटो काढून लोरेनला पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिच्या भाचीच्या सासरी पोचलेल्या परड्यांचा ढीगच्या ढीग, त्यात वॉल्ट लाडू नाही म्हणून तोंड पाडून उभा, आणि खाली एकच ओळ: आईला दाखवलं, पोट धरून हसली, मग म्हणाली टाके कुणी शिकवले.

परडी ऋताबरोबर पासिर रिसला गेली. तिथला फ्लॅट समुद्राजवळ, हवा दमट. नव्या नवलाईत त्यांनी ती दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली, आणि कामाच्या धबडग्यात तिच्याकडे बघायचं राहून गेलं. पुढच्या वर्षीच्या पावसानंतर एका रविवारी सकाळीच ऋता क्वीन्सटाउनला येऊन थडकली. डोळे रडून लाल. पिशवीतून तिने परडी काढली. मागची सगळी बाजू काळी-हिरवी झाली होती. आतलं गवत बुरशीने पिचलं होतं, आणि एका ज्वाळेचे टाके हात लावताच सुटले.

"बाबा, सॉरी. मी लक्षच नाही दिलं. तू किती दिवस बसून..."

उद्धवने परडी खिडकीशी नेऊन पाहिली. वास घेतला. चहाचा वास आता मुळीच उरला नव्हता. पण लेक समोर उभी होती, आणि ती वस्तूपेक्षा जास्त पिचल्यासारखी दिसत होती.

"अगं, इथल्या हवेत माणसाला बुरशी येते, गवताचं काय घेऊन बसलीस! लोरेनच्या गावात कोरडी हवा, म्हणून तिथे आजीची परडी नातीपर्यंत टिकते. आपण गवत नीट वाळवलंही नसेल. या वेळी उन्हात जास्त दिवस ठेवू."

"या वेळी म्हणजे? तू परत करणार?"

"मी नाही. आपण." त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बस."

"मला नाही येणार, बाबा. मी शिवणात नापास होते."

"मी चिमट्यांत नापास होतो."

सुलेखा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती बांबूवरची वाळलेली पाती काढून घेऊन आली आणि टेबलावर ठेवून पुन्हा आत गेली. ऋताने नाक पुसलं. उद्धवने चार-पाच पाती निवडून एकत्र केली, पाण्याचा हात लावून मऊ केली आणि तिच्या हातात दिली. दाभणात राफिया ओवायला मात्र त्याला अजूनही फार वेळ लागायचा, तो तिनेच ओवला.

"आता हे टोक वळव. आणखी. स्वतःभोवती फिरू दे त्याला."

"सुटतंय ना पण."

"सुटतंच. परत धर."

तिने परत धरलं. पुन्हा सुटलं. ती वैतागून "आय्यो, कॅनॉट लाह!" म्हणाली आणि मग स्वतःच हसली. खाली मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारची वर्दळ सुरू झाली होती. वरुणचा फोन आला, ऋताने तो वाजू दिला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गवताचं टोक वळून तिच्या चिमटीत बसलं, मधे मुगाच्या दाण्याएवढं भोक राहिलं, आणि तिने दाभण घेऊन, जीभ दाताखाली धरून, पहिला टाका घातला.

"हे मधलं भोक बुजत कसं नाही?"

"बुजेल. दुसरा टाका त्याच भोकातून काढ," उद्धव म्हणाला, आणि तिला नीट दिसावं म्हणून खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला.